वनमाळी प्रभूंचा शेवटचा शब्द

रूथ डोंगरावर पोचली तेव्हा ललिता माताजी पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने ओढत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खाली पुरुषी बूट आणि अंगात भडक नारिंगी जाकीट. खालच्या गावातल्या शिकाऱ्यांनी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून आश्रमातले सगळेच हिवाळ्यात असली जाकिटं घालत. रूथच्या लहानपणीही घालत.

“सापडला का गं रस्ता? बत्तीस वर्षं शोधत होतीस,” ललिता म्हणाली.

“रस्ता होता तिथेच होता, माताजी. माझं मन होत नव्हतं.”

“मग आता कसं झालं?”

“एक काम आहे डॅडींकडे. झालं की जाते.”

“काम म्हणे!” ललिताने फावडं भिंतीला टेकवलं. “अगं, ते बोलतच नाहीत. एकादशीपासून चार दिवस झाले, हरीच्या नावाशिवाय तोंडातून अक्षर नाही. पाणीसुद्धा बोटाने मागतात. घसा कर्करोगाने खाल्लाय, श्वास किती उरलेत कोणाला ठाऊक. कुठला शब्द शेवटचा ठरेल सांगता येत नाही ना, म्हणून दुसरा शब्दच नको.”

रूथला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याचाच राग आला. बाप शब्दांचा उधळ्या होता. त्याच्या कीर्तनाला एके काळी या डोंगरावर चारशे माणसं नाचत. आता तीस उरली होती, त्यातली निम्मी गुडघेदुखीची. आणि आज, ती सहाशे मैल गाडी हाकत आली तेव्हा, ह्या माणसाने तोंडाला कुलूप लावलं होतं.

मरताना ज्याचं नाव ओठांवर, त्याच्याकडे जीव जातो, हे आश्रमातल्या पोरांना मुळाक्षरांच्या आधी शिकवत. पोरांची नावंही म्हणूनच देवाची. मरताना एखाद्याने मोहाने पोराला हाक मारली तरी ती देवाला पोचावी, अशी दोन्हीकडून सोय. रूथची रुक्मिणी झाली. धाकटा डॅनी निमाई झाला. त्यांचा बाप, पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातला वॉल्टर, वनमाळी दास झाला तो स्वतःच्या हौसेने; पोरांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या आईने हा सगळा प्रकार एक वर्ष सोसला आणि ती निघून गेली.

रूथ दहा वर्षांची आणि डॅनी सात वर्षांचा असताना दोघांना दक्षिणेकडच्या गुरुकुलात धाडलं. त्या डिसेंबरात डॅनीला ताप भरला. शिक्षक म्हणाले, पूर्वकर्म जळतंय, जप कर. रूथने बापाला तीन पत्रं लिहिली. पण डिसेंबर म्हणजे ग्रंथवाटपाचा महिना. देशभरातल्या मंदिरांची चढाओढ लागे, आणि वनमाळी प्रभू (आश्रमात सगळ्याच पुरुषांना प्रभू म्हणत) विमानतळावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पोथ्या कोंबत होते. बावीस तारखेला डॅनी गेला. जानेवारीत बाप आला आणि म्हणाला, “निमाई देवाघरी पोचला. आपण रडत नाही.”

त्यानंतर त्याने डॅनी हे नाव कधी घेतलं नाही. तिने घेतलं तर तळहात उभा करायचा. समाधीच्या दगडावर निमाई दास. आश्रमाच्या कागदात निमाई दास. डॅनी नावाचा मुलगा, जो झोपेत दात खायचा आणि ज्याला गाजराचा हलवा मुळीच आवडत नसे, तो फक्त तिच्या तोंडात उरला होता. सोळाव्या वर्षी ती पळाली तेव्हा तिने ठरवलं, हरीचं नाव आपण पुन्हा घ्यायचं नाही. तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती. आणि आता तिला बापाच्या तोंडून डॅनी ऐकायचं होतं. एकदाच. माफीबिफी नको होती.

खोलीत हीटर धडधडत होता. खिडकीत जांभळ्या दिव्याखाली तुळशीची कुंडी होती, कारण इथल्या उन्हावर तुळस जगत नाही. मुरंब्याच्या जुन्या बरणीत गंगाजल होतं. पलंगावर बापाचं फक्त नाक मोठं उरलं होतं. उजवा हात जपमाळेच्या गोमुखीत, मणी सरकत होते. “हरी... हरी...” आवाज खरवडल्यासारखा येत होता.

“डॅडी, मी रूथ.”

मणी थांबले. डोळे भरून आले. मग मणी पुन्हा सरकले.

तिने खुर्ची ओढली. “मी भांडायला आले नाही. ताप आला तेव्हा तो तुम्हाला बोलवत होता. देवाला नाही. मी त्याला सांगितलं, डॅडी बसमध्ये बसले असतील. रोज सांगायचे. तो विचारायचा, आता कुठल्या गावाला पोचले? मी नकाशातली गावं वाचून दाखवायचे.” तिने खुर्ची आणखी जवळ ओढली. “गावं संपली हो, डॅडी. तुम्ही आला नाहीत. आता एकदा त्याचं नाव घ्या. त्याचं खरं नाव. एवढंच द्या मला.”

बापाने डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं, पण ओठांनी आपलं काम सोडलं नाही. हरी. हरी. रूथला वाटलं, ह्याचं डोकं भिंतीवर आपटावं. इतका कंजूष माणूस तिने पाहिला नव्हता.

बाहेर स्वयंपाकघरात मुकुंद प्रभू बसले होते. ते मंदिराचे प्रमुख, धोतराखाली लोकरी विजार, हातात खिचडीचा वाडगा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंती लाकडी होत्या.

“रुक्मिणी, तू मागतेस ते काय आहे कळतंय का तुला?” ते हळूच म्हणाले. “चाळीस वर्षं त्याने ह्या एका घटकेसाठी घालवली. तो शब्द उच्चारला आणि श्वास तुटला तर?”

“तर काय? नरकात जातील?”

“पुन्हा जन्म. पुन्हा हे सगळं.”

“डॅनीला एक जन्मही धड मिळाला नाही, प्रभू.”

त्यांनी वाडगा खाली ठेवला. ललिता मोरीपाशी पाठमोरी उभी होती. ती न वळता म्हणाली, “पहिलं पत्र पोचलं होतं गं. मीच आणून दिलं होतं विमानतळावर. म्हणाले, महिना संपला की जातो. महिन्याचे पंधरा दिवस राहिले होते.” तिने तेच पातेलं दुसऱ्यांदा घासायला घेतलं. “मीही म्हटलं, बरोबर आहे, प्रभू. सेवा आधी.”

रूथने कोट उचलला. इथे आणखी थांबली असती तर तिने काहीतरी फोडलं असतं. एवढ्यात आतून खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेचना. ललिता धावली, मुकुंद प्रभू शंख आणायला मंदिराकडे पळाले. रूथ कोट हातात घेऊन दारात उभी राहिली.

“चमचा धर!” ललिता ओरडली. “गंगाजल घाल तोंडात. मुलीच्या हातचं असू दे.”

तिने घातलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं. ललिताने जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. बापाने डोळे उघडले आणि रूथकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, भ्रमाची नव्हती, हे तिने पुढे सगळ्यांना सांगितलं. गोमुखीतला हात थांबला. त्याने तो बाहेर काढला, माळ छातीवर ठेवली, आणि तिचं मनगट धरलं.

“डॅनी,” तो म्हणाला.

“प्रभू!” ललिता किंचाळली. “हरी म्हणा, प्रभू, हरी! रूथ, म्हण ना गं त्यांच्या कानात, तुझं ऐकतील!”

रूथने फक्त ‘हरी’ हा एक शब्द उच्चारायचा होता. तो तिने उच्चारला असता तर कदाचित बापाने मागोमाग म्हटला असता, चाळीस वर्षांची सवय होती. पण तिला डॅनी आणखी एकदा ऐकायचं होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

“डॅनी,” बाप पुन्हा म्हणाला. छाती वर आली, खाली गेली, आणि पुन्हा वर आली नाही.

मुकुंद प्रभू शंख घेऊन आले. मागे जिन्यात नारिंगी जाकिटांची गर्दी, दोघांच्या गळ्यात मृदंग. देह ठेवणाऱ्याच्या तोंडात शेवटी काय होतं ते आधी विचारायचं, मग शंख फुंकायचा, मग कीर्तन, अशी रीत होती.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

ललिताने तोंडाला पदर लावला. मुकुंद प्रभूंनी तिच्याकडे पाहिलं, मग रूथकडे, आणि त्यांना कळलं. ते कठोर मनाचे नव्हते. “निमाई म्हणाले ना?” ते घाईने म्हणाले. “लेकाला हाक मारली असेल. निमाई म्हणजे साक्षात देवाचं नाव. म्हणूनच तर ठेवतो आपण. हो ना, रुक्मिणी?”

नुसती मान हलवायची होती. जिन्यातले सगळे वाट बघत होते. ह्या माणसांनी त्याला आठ महिने उचलून आंघोळ घातली होती. तिने मान हलवली असती तर बाप सुटला असता, आणि डॅनी पुन्हा पुसला गेला असता.

“डॅनी म्हणाले,” रूथ म्हणाली. “दोनदा. शुद्धीत.”

मुकुंद प्रभूंचा शंखाचा हात खाली आला. जिन्यात कोणीतरी हुंदका दिला. मग एकेक जण बूट वाजू न देता उतरला, मृदंगवालेही गेले. कीर्तन झालं नाही. आयुष्यभर गळा फोडून गायलेल्या माणसाच्या खोलीत नुसता हीटर धडधडत राहिला.

ललिताने दार लोटलं. “मिळालं तुझं तुला?”

“मिळालं.”

“त्यांनी काय दिलं ते कळलं ना?”

रूथने मान हलवली. आता कळलं होतं, आणि ते तिला पेलवत नव्हतं. ती भीक मागायला आली होती आणि त्याने घरदार काढून दिलं होतं. तिचा त्या घरदारावर विश्वास नव्हता, पण त्याचा होता.

“सकाळी नर्स सांगत होती,” ललिता म्हणाली, “कान सगळ्यात शेवटी जातात. कानात नाव घे, असं मला नको म्हणायला लावू. मी तेव्हाही चुकीचंच म्हटलं होतं.”

छातीवरच्या माळेत, बापाचं बोट सुटलं तिथून फेरा पुरा व्हायला अकरा मणी बाकी होते. रूथ खाली वाकली. बापाच्या कानाला अजून ऊब होती. तिने पहिला मणी धरला आणि हरीचं नाव घेतलं, मग दुसरा धरला. प्रत्येक मण्याला तिला त्या नावाचा तितकाच संताप येत होता. तिने अकराही म्हटले.