भिंतीवरचा नंबर

साहेब, तुम्हाला बाईचं नाव पाहिजे होतं. बाई नको होती.

रग्बी संघटनेतर्फे पुण्याहून गाडी करून तुम्ही शिरूरला आलात, मार्केट यार्डामागच्या मैदानावर उभे राहिलात आणि म्हणालात, ज्या क्लबाला बालकल्याण अधिकारी नाही त्या क्लबाची पोरं यंदा रग्बीच्या स्पर्धेत घेणार नाही. अधिकारी बाई असली तर उत्तम. बोललात चांगलं. पण बोलून झाल्यावर बघितलंत कुणाकडं? सर्जेरावांकडं. सर्जेराव क्लबाचे अध्यक्ष, डेअरीचे अध्यक्ष, सोसायटीचेही तेच. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? आमची सूनबाई डीएड झालीय." आता पोरांना शिकवणारा कोच कोण, तर सर्जेरावांचा पोरगा सत्यजीत. सूनबाई म्हणजे त्याची बायको अनिता. ज्याच्याबद्दल तक्रार व्हायची त्याच्याच माजघरात तक्रारीची पेटी. हे दिसलं नाही म्हणू नका. चहा तुम्ही त्याच घरी प्यालात.

अनिताला हे रात्री जेवणं झाल्यावर कळलं. सासरे हात धुता धुता म्हणाले, तुझं नाव दिलंय. भांडी घासताना तिला हसू फुटत होतं. डीएड होऊन बारा वर्षं झाली होती. नोकरी लागली नाही, मग लग्न लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या नावापुढं काहीतरी लागणार होतं.

तुमच्या शिबिरालाही ती गेली. एका दिवसाचं शिबिर, हिरवं जाकीट, गळ्यात ओळखपत्र. बाकीच्या बाया मोबाईल बघत होत्या, अनितानं सगळं ऐकलं. पोराच्या डोक्याला मार लागला आणि ते गोंधळल्यासारखं करायला लागलं, तर त्याला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही, ते स्वतः कितीही म्हणो. आणि पोरगं काही सांगायला आलं, तर पहिलं वाक्य एकच म्हणायचं: तू सांगितलंस ते बरोबर केलंस. हे वाक्य तिनं घरी येताना एसटीत मनातल्या मनात घोकलं.

मग ती फोनची वाट बघत बसली. मैदानाच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: मुलांनो, कुणी मारलं, घाण शिवी दिली, नको तिथं हात लावला, तर घाबरू नका, फोन करा. खाली सौ. अनिता सत्यजीत आणि नंबर. भिंत तिनं पाहिली नव्हती. त्या घरातल्या बाया मार्केट यार्डाच्या पलीकडं जात नाहीत. नंबर आपलाच असणार, हे तिनं धरून चाललं होतं. फोन काही आला नाही. तिला वाटलं, पोरं सुखात आहेत.

नंबर होता सत्यजीतच्या दुसऱ्या सिमचा. ते सिम कधीतरी अनिताच्या आधारवर घेतलेलं होतं, अंगठा देऊन ती विसरूनही गेली होती. तुम्ही तपासलंत तेव्हा सिम बाईच्याच नावावर निघालं, आणि तुम्ही खूण करून मोकळे झालात. यात कुणी कुणाला फसवायला बसलं नव्हतं, हे आधी ध्यानात घ्या. सत्यजीतची आई पुतळाबाई पाच वर्षं सरपंच होती, तेव्हा पंचायतीच्या फळ्यावर तिच्या नावापुढं नंबर सर्जेरावांचाच होता. पाच वर्षं लोक सरपंचबाईंना फोन करत होते आणि बाई आत भाकरी थापत होत्या. बाईचा नंबर म्हणजे घरातल्या गड्याचा नंबर. तिथं हे कुणी ठरवत नाही, चुलीचा धूर जसा कौलातनं जायचा तसा जातो.

आता रुद्र. न्हावऱ्याच्या वाटेवर धनगरांची वस्ती आहे, तिथला म्हस्कू आप्पांचा नातू. वय तेरा, अंगानं काटकुळा, पण पळायला असा की पाठीमागच्याच्या हाताला सदरा लागायचा नाही. बाप हनुमंत सणसवाडीला कंपनीत, आई प्रतिभाही तिथंच, भाड्याच्या खोलीत. पोरगं आजी-आजोबांकडं. म्हस्कू आप्पा एकदा खेळ बघायला आले होते. चेंडू पुढं फेकायचा नाही, पळायचं पुढं आणि चेंडू मात्र मागच्या आपल्याच माणसाकडं द्यायचा, हे त्यांना कुणीतरी समजावलं. तेव्हा म्हातारा म्हणाला, "मंग ह्यो खेळ सर्जेरावांनी लई आधीपासनं खेळलाय की. हातातलं समदं मागच्या आपल्याच मानसाला." आजूबाजूचे हसले. सर्जेरावही हसले. पण ध्यानात ठेवलं.

सत्यजीत वाईट माणूस नव्हता, असंच सगळे म्हणतात. पोरांना उकडलेली अंडी स्वतःच्या खिशातनं द्यायचा, लांबच्यांना गाडीवर सोडायचा. युनिव्हर्सिटीपर्यंत खेळला होता, पुढं गेला नाही, आणि त्याचा राग त्यानं पोरांच्या भल्यासाठी वापरायचं ठरवलं होतं. त्याच्याकडं एक शिक्षा होती, तिला पोरं 'बोगदा' म्हणायची. सगळी टीम समोरासमोर दोन रांगांत उभी राहायची, आणि चुकलेल्या पोरानं मधनं पळायचं. दोन्हीकडनं बुक्क्या, गुडघे, काय बसंल ते. जो हळू मारील त्याला पुढचा बोगदा. आईबापांना माहीत होतं. कुणी बोललं नाही. दहावीला खेळाचे मार्क मिळतात, पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागा असतात, आणि सर्टिफिकेटवर सही सर्जेरावांची. एक-दोघं तर वर म्हणायचे, सर, घरी ऐकत न्हाई, जरा बघा.

एकट्या रुद्रनं भिंत वाचली. मोठ्यांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं वाटायचं वय. शेजारच्या गोकुळचा फोन मागून त्यानं त्या नंबरावर फोन लावला. पलीकडनं कुणी बोललं नाही. अधिकारी मॅडम ऐकतायत असं समजून पोरानं स्वतःच्या नावासकट एका दमात सगळं सांगितलं: बोगदा, कुणाच्या बरगडीला सूज आलीय, कोण रात्री अंथरुणात मुततं. शेवटी म्हणाला, मॅडम, माझं नाव सांगू नका. फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सरावाला सत्यजीत शांत होता. बोगदा लावायला सांगितला आणि म्हणाला, "ज्याला फोन लावायची लई हौस आहे, त्यानं दोनदा जायचं." रुद्र दोनदा गेला. मॅडमनी सांगितलं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

त्यानंतरच्या रविवारी दौंडला चषकाचा सामना होता. तुमच्या नियमानं अधिकारी मैदानावर हजर पाहिजे, म्हणून अनिताला हिरवं जाकीट घालून टेम्पोत पुढं बसवलं. पोरं मागं गाणी म्हणत होती. रुद्र म्हणत नव्हता. अनितानं चौफुल्याला सगळ्यांना केळी वाटली, त्यानं घेतलं नाही. तिला वाटलं, पोरगं लाजाळू आहे.

दौंडच्या मैदानात गवत म्हणून नव्हतं, नुसती भाजलेली माती. मध्यंतराच्या आधी समोरचा एक थोराड पोरगा चेंडू घेऊन आला, रुद्रनं त्याच्या पायांना मिठी घातली आणि त्याचा गुडघा रुद्रच्या कानशिलावर बसला. रुद्र उठला. चड्डी झटकली. आणि चालत जाऊन दौंडच्या पोरांच्या रांगेत उभा राहिला.

सगळे हसले. दौंडच्या पोरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, ये पाहुणा ये, म्हणाले.

अनिता हसली नाही. शिबिरात सांगितलेलं तिला शब्दाला शब्द आठवत होतं. ती साडी आवरत मैदानात धावत गेली, त्याच्यापुढं वाकली, आणि विचारलं, बाळा, आपण कुठल्या बाजूला खेळतोय? रुद्रनं तिच्याकडं बघितलं, जाकिटाकडं बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मॅडम, मला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "मी आता कुणाला काय बोलत न्हाई."

दुसरं वाक्य तिला कळलं नाही. मार लागल्यानं बरळतोय, असं वाटलं. म्हणजे तर बाहेरच काढायला पाहिजे होतं. रेफरीनं विचारलं, मॅडम, घेऊ का आत? अनितानं नवऱ्याकडं बघितलं. सत्यजीतनं रेघेवरनं अंगठा वर केला. आणि अनितानं, जिला सगळं पाठ होतं तिनं, हो म्हणून मान हलवली. इथं तिला कुणी सोडू नये. तीही स्वतःला सोडत नाही.

उत्तरार्धात रुद्र आणखी दोनदा पडला. शिरूरनं चषक जिंकला.

परतीला पाटसच्या पुढं तो ओकला. पोरं ओरडली, टेम्पो घाण केला. मग तो झोपला. चौफुल्याला चहासाठी उतरताना अनितानं त्याला हलवलं तर मान लुळी. सत्यजीत म्हणाला, दमलाय, झोपू दे. अनिता पहिल्यांदा नवऱ्यावर ओरडली, तिनं टेम्पो यवतच्या दवाखान्यात न्यायला लावला, तिथनं ॲम्ब्युलन्सनं पुण्याला. डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. पोरगं वाचलं, याचे क्लबानं पेढे वाटले.

वाचलं म्हणजे काय, ते वस्तीवर गेल्यावर अनितानं बघितलं. डोकं भादरलेलं, टाक्यांची वेलांटी. उजवा हात सारखा थरथरतोय. उन्हात आणलं की डोळे मिटून घेतो. तिनं बिस्किटांचे पुडे काढून ठेवले. रुद्रची आजी तानुबाई उंबऱ्यात बसून होती, तिनं पुड्यांकडं बघितलंही नाही.

"पोरानं तुमाला फोन केला," ती म्हणाली. "तुमी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं त्याला बोगद्यात घातला. आता बिस्किटं कशापायी आनली, ताई?"

अनिता म्हणाली, मला कुठलाच फोन आला नाही, आजी, लेकरांची शपथ. तानुबाई म्हणाली, शपथ तुमच्याच लेकरांची घ्या, आमचं हाय तेवढं राहू द्या. तेवढ्यात गोधडीतनं आवाज आला. रुद्र भिंतीवरचा नंबर म्हणत होता. सातचा पाढा त्याला आता येत नव्हता, पण नंबर एकेक आकडा सावकाश, बरोब्बर येत होता.

अनितानं आपल्या मोबाईलवर एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा दाबला आणि स्क्रीनवर नाव आलं: यांचा दुसरा.

तिनं हिरवं बटण दाबून फोन मोठ्या आवाजावर केला. दोन रिंगांत उचलला.

"हां, बोल गं," सत्यजीत म्हणाला.

रुद्रनं गोधडी तोंडावर ओढून घेतली. तानुबाईनं कपाळाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसतं म्हणाली, "आसं हाय व्हय."

मग तुम्ही चौकशीला आलात, साहेब. क्लबाच्या खोलीत चहा, भजी, वर पंखा. सर्जेराव, सत्यजीत, चार कार्यकर्ते. आदल्या रात्री सासऱ्यांनी अनिताला समजावलं होतं, आणि धमकी म्हणून नाही, अगदी मायेनं: खोटं बोलायचं न्हाई पोरी, तुला विचारतील तक्रार आली हुती का, तू खरं तेच सांग, न्हाई आली. खरंच आली नव्हती. खऱ्यासारखी भक्कम आडोशाची जागा नाही.

तुम्ही तेच विचारलंत. मॅडम, तुमच्याकडं काही तक्रार आली होती?

"माझ्याकडं न्हाई आली," अनिता म्हणाली. "ह्यांच्याकडं आली. माझ्या नावानं. आणि दौंडला मी मान हलवली, तेही लिहून घ्या."

सत्यजीत खाली बघत होता. सर्जेरावांनी भज्याची ताटली तुमच्याकडं सरकवली. आणि तुम्ही, साहेब, तोंड पुसून म्हणालात, "हे तुमचं घरातलं झालं, मॅडम. घरात बसून मिटवा."

मिटवलं की. अनिता सध्या माहेरी, कोरेगाव भीमाला आहे. पाठवली की गेली, ज्यानं त्यानं आपापलं समजावं. सत्यजीतला तुम्ही समज दिलीत. तो मैदानावर आहे. बोगद्याला आता 'टीम बिल्डिंग' म्हणतात. भिंत नव्यानं रंगवली, तुमच्याच सूचनेवरनं, अधिकारी बदलायला पाहिजे म्हणून. नवीन नाव पुतळाबाईंचं आहे. तिच्या नावापुढचा नंबर कुणाचा, हे शिरूरात शेंबड्या पोराला विचारा.

माहेरी जायच्या दिवशी अनिता वस्तीवरनं गेली. बॅग बाहेर ठेवली आणि रुद्रजवळ खाली बसली. जे वाक्य ती एसटीत घोकत आली होती, ते तिनं शेवटी म्हटलं. तू फोन केलास ते बरोबर केलंस.

रुद्रला आता शब्द शोधावे लागतात.

"मंग तुमी का उचलला न्हाई?"

तो फोन माझ्या हातात नव्हता रे, ती म्हणाली.

"मंग तितं नाव कशाला दिलं?"

अनिता उठली. नाव तिनं दिलंच नव्हतं. नाव मागितलं तुम्ही आणि दिलं सर्जेरावांनी. पोरगं अजून उंबऱ्याकडं तोंड करून पडलेलं असतं. कुणी आलं की तेच विचारतं. शिरूर पुण्यापासून लांब नाही, साहेब. बिस्किटं आणू नका. या, त्याच्यापुढं खाली बसा, आणि सांगा: नाव कशाला घेतलंत?