आज मी पुढे

"सरक बाजूला. कोऱ्या बर्फावरची पहिली रेघ माझी," म्हणत रोसालिंदोनं स्की बुटांना अडकवल्या.

ज्वालामुखीच्या काठावर गंधकाचा वास नाकाला झोंबत होता. खाली पूर्वेची बर्फाची भिंत, जिन्याहून उभी, आणि तिच्या तळाशी हिमनदीच्या भेगा. उन्हानं बर्फ जरा मऊ झाला होता. निघायला हवं होतं. उशीर केला की अख्खी भिंत निसटू लागते.

"घे, निघण्याआधी एक घोट." निवाल्दोनं माते नावाच्या पानांच्या गरम काढ्याचा पेला पुढे केला. रोसालिंदोचा हात पेल्याच्या वीतभर बाजूनं गेला.

निवाल्दोनं त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. म्हणजे शाळेची बस चालवणं यानं मार्चमध्ये सोडलं, ते पाठीच्या दुखण्यानं नव्हे तर! आणि एरवी कुणाच्या मागे न राहणारा हा गडी आज निमूट आपल्या पावलात पाऊल टाकत वर आला होता.

"किती दिसतं रे?"

"कडेकडेचं दिसतं. मधोमध धुकं." रोसालिंदोनं बुटाची कडी आवळली. "तेमुको शहरातली डॉक्टरीण म्हणते, वर्षभरात तेही जाईल. माझ्या बायकोला बोललास तर जीव घेईन."

"चल, आलो त्या वाटेनं चालत उतरू."

"चालत बकऱ्या उतरतात. लेका, एकदाच. परत नाही मागणार."

"मूर्खा, तू मेलास तर वहिनीला तोंड कोण दाखवणार?" निवाल्दोला संताप आला, रडूही आलं. तरी त्यानं स्की अडकवल्या. "आज मी पुढे. बोंबलत जातो. माझा आवाज सोडलास तर याद राख!"

"डावीकडे! वळ! आता उजवीकडे!" भिंतीवरून घसरत निवाल्दो घसा फुटेस्तोवर ओरडत होता. मागून स्कीच्या कडांची खरखर येत होती, तोवर जिवात जीव होता. भेगांपाशी ती एकदम बंद झाली.

"रोसालिंदो! अरे, बोल ना!"

"ओरडू नकोस. बहिरा नाही झालो अजून."

त्याच्या स्कीचं टोक भेगेपासून हातभरावर होतं. निवाल्दोनं ते त्याला सांगितलं नाही. "हळू उजवीकडे ये," एवढंच म्हणाला, आणि तो आला.

सपाटीवर पोचल्यावर रोसालिंदोनं स्की सोडल्या, टोपी काढली आणि डोंगर असेल असं वाटलं तिकडे वळून उभा राहिला.

"येतो रे, म्हाताऱ्या," तो डोंगराला म्हणाला.

तो बघत होता तिथं नुसतं आभाळ होतं. निवाल्दोनं त्याचे खांदे धरले आणि त्याला जरासं डावीकडे वळवलं.