मारायचं तर शेताबाहेर

माझ्या खेचरानं हयातच्या मांडीवर लाथ घातली, आणि हा गडी धुळीतून उठता उठता खेचरालाच विचारतो, "लागलं का रे खुराला?"

चंदरच्या दुकानापुढे आम्ही पत्ते कुटत बसलो होतो. हसून हसून माझ्या हातातली पानं सांडली. खेचराचं नाव थानेदार. मीच ठेवलेलं, कारण ते कुणाचं ऐकत नाही आणि विनाकारण लाथा घालतं. हयातनं मांडी चोळली, कुदळ खांद्यावर टाकली आणि लंगडत आपल्या गंद्रायणाच्या, म्हणजे डाळीत टाकायच्या मुळाच्या, शेताकडे निघून गेला.

"हा जन्मात कुणावर हात उचलायचा नाही," चंदर म्हणाला.

"मी उचलायला लावतो."

"तू? अरे खिमदा, अख्ख्या तोंगसी गावानं त्याला पोरवयापासून बडवलाय. सासऱ्यानं बडवला, मुकादमानं बडवला, मागच्या साली मी बडवला. काय झालं?"

"तुम्ही नुसतं बडवता. छळायला डोकं लागतं."

पैज ठरली. मुदत देवीच्या सणापर्यंत, नंदाष्टमीपर्यंत, म्हणजे अडीच महिने. मी हयातला बोट लावायचं नाही, बाकी सगळं चालेल. त्यानं माझ्यावर हात टाकला तर चंदर हरला, नाही टाकला तर मी. हरेल त्यानं नंदाष्टमीला सगळ्या गावासमोर थानेदाराचं खोगीर पाठीवर बांधायचं, रांगत देवीच्या देवळाला तीन फेऱ्या घालायच्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर खेचरासारखं ओरडायचं. चंदरच्या पोटाला खोगिराचा पट्टा पुरेल का, याचाच मी विचार करायला लागलो.

हयातबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बत्तीस वर्षं खाली सडकेच्या टोळीत दगड फोडले. तळहात खेचराच्या खुरासारखे झालेले. कुणी शिवी दिली की हा दुसरीकडे बघायचा. कुणी मारलं की टोपी उचलून झटकायचा. वरच्या गावचं शेत त्याची बायको जसुली बघायची. बर्फ गेलं की ती आमच्याबरोबर वर यायची, थंडी पडली की खाली उतरायची. तीन वर्षांपूर्वी उतरायच्या आदल्या आठवड्यात तिनं अख्ख्या तुकड्यात गंद्रायण पेरलं. त्याचं बी हिवाळाभर घरात ठेवलं की मरतं. ताजंच मातीत जावं लागतं, बर्फाखाली झोपावं लागतं. जसुली तेव्हा खोकत होती. चार पावलं पेरायची, बसायची, पुन्हा उठायची. ओळी दारुड्याच्या चालीसारख्या वाकड्या गेल्या. त्याच हिवाळ्यात ती खाली वारली. तेव्हापासून हयात दर साल वर येतो आणि त्या वाकड्या ओळी तशाच वाकड्या खुरपतो.

गंद्रायणाचं मूळ तिसऱ्या साली काढायचं. चौथ्या साली झाड फुलावर येतं, मग मूळ म्हणजे नुसतं लाकूड. डाळीत टाका नाहीतर चुलीत घाला. हे तिसरं साल होतं. जसुली मूळ काढलं की पहिल्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी एक एक नेऊन द्यायची. हयातनं यंदा तेवढंच ठरवलं होतं. सगळ्यांना सांगत फिरायचा, "जसुलीचं मूळ येईल तुमच्याकडे. डाळ भिजवून ठेवा."

मी कामाला लागलो. त्याच्या टोपीत मेलेला उंदीर ठेवला. त्यानं उंदीर पुरला आणि टोपी घातली. त्याचा पायजमा देवळाच्या निशाणाच्या काठीवर चढवला. तो दिवसभर घोंगडी गुंडाळून खुरपत बसला. घरी बोलावून त्याच्या मीठ-लोण्याच्या चहात मी तंबाखूची गोळी टाकली. ओकला, चूळ भरली आणि मला म्हणाला, "खिमदा, तुझ्या घरचं लोणी खराब झालंय. भौजीला सांग."

मग मी हलकटपणा केला. आमच्याकडे पाऊस डोंगराच्या पलीकडेच संपतो. पाणी म्हणजे वरच्या बर्फाचं, ऊन तापलं की दुपारनंतर पाटात उतरतं, आणि ते पाळीपाळीनं घ्यायचं. चंदरचा भाऊ लछम म्हणजे रेडा. त्याला मी जाऊन सांगितलं, "तुझ्या पाळीत हयात पाणी चोरतो." मला वाटलं, लछम दोन लगावेल, हयात चिडेल, उरलेलं मी चिडवेन.

लछमनं त्याला गंद्रायणातच गाठला. एका हातात त्याची मान, दुसऱ्या हातात फावडं. वरच्या बांधावरून गावचा मुख्य, म्हातारा पधान ओरडला, "लछम, शेतात नको. बाहेर काढ, मग मार."

हा आमचा कायदा. नंदाष्टमीच्या आधी ज्या शेतात माणसाचं रक्त सांडेल, ते शेत त्या साली खणायचं नाही. देवीनं घेतलं म्हणायचं. त्यामुळे तोंगसीत भांडण पेटलं की माणसं आधी एकमेकांची गचांडी धरून बांध ओलांडतात, मग हाणामारी. एक नवरा-बायको वाटाण्याच्या शेतातून हात धरून सांभाळून बाहेर येताना मी पाहिलेत. बाहेर आल्यावर तिनं विळ्याच्या मुठीनं त्याचं डोकं फोडलं.

लछमनं हयातला ओढत पाटावर आणलं आणि तोंडावर बुक्की मारली. नाकाचं हाड वाळल्या काटकीसारखं वाजलं. खाली पडल्यावर बरगडीत तीन लाथा. हयात पालथा होऊन पाटात रक्त थुंकला. मग त्याच्या लक्षात आलं की पाणी त्याच्याच शेताकडे चाललंय. लाथा खात खात तो दोन हात सरपटला आणि दगड ओढून त्यानं आपल्या शेताकडचं पाटाचं तोंड बंद केलं. लछम दमून गेला तरी हा तिथेच बसून. पाणी स्वच्छ वाहायला लागल्यावरच दगड काढला.

मी वरून बघत होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. चंदरला हे सांगितलं नाही.

नंदाष्टमीला अकरा दिवस उरले. खोगीर मला माझ्याच पाठीवर दिसायला लागलं. मग मी थानेदाराला नेऊन हयातच्या शेताच्या कोपऱ्यात बांधलं. दोरी आखूड, तोंड गवतापर्यंतच पोचेल अशी. हयात येईल, खेचर सोडेल, मी अडवेन, तो मला एक धक्का देईल. धक्क्यावर चंदरला पटवता आलं असतं. मी बांधावर बसून भाजलेले जव खात होतो.

थानेदारानं एका झटक्यात खुंटी उपटली. आदल्या दिवशीच पाणी प्यालेली मऊ जमीन बघून तो खाली बसला आणि चारही पाय वर करून लोळायला लागला. खेचराला मऊ जमीन म्हणजे गादी. देठ कडाकड मोडले. गंद्रायणाचा तिखट वास नाकात गेला. मी आधी हसलो, हे खरं आहे. मग आत उडी मारली आणि दोरी ओढायला लागलो.

हयात कधी आला ते कळलं नाही. कुदळीचा दांडा माझ्या मनगटावर बसला आणि दोरी सुटली. दुसरा बरगडीवर. मी वाकलो, तिसरा तिथेच. तो बोलत नव्हता, धापत नव्हता. दगड फोडतात तसं चाललं होतं, एकाच जागी, शांतपणे, तुकडा पडेपर्यंत. मी म्हणालो, "हयात, अरे मी आहे." दांडा तोंडावर आला, पुढचा दात जिभेवर पडला. मी रांगत बांधाकडे निघालो तर त्यानं पायाला धरून मागे ओढलं. कानावर बसला तेव्हा कान फाटला आणि गरम गरम मानेवरून आत गेलं. मरणार, असं मला वाटलं. ते वाटायला फार वेळ लागत नाही.

"ही तिच्या हातची ओळ होती," तो म्हणाला आणि दांडा पुन्हा उचलला.

उचललेला तसाच राहिला. तो खाली बघत होता. पानांवर, मातीवर, सगळीकडे माझं रक्त.

"खिमदा," तो म्हणाला, "मी तुला बाहेर काढायला विसरलो."

आणि मोडलेल्या ओळीत बसला. साठीला आलेला माणूस, मोडके देठ उचलून परत मातीत खोचत होता. मोडल्या होत्या दीड-दोन ओळी. उरलेल्या नऊ धड होत्या. पण नियम शेताचा होता, ओळीचा नव्हता. यंदा खणायचं नाही आणि पुढच्या साली सगळं लाकूड.

मी दात तळहातावर घेऊन बघितला. "कुठलं बाहेर? मार खाल्ला म्हटलं की कुठे, हे विचारतील. मी वरच्या घसरंडीवरून पडलो."

"तू पैज हरशील."

"तुला पैज माहीत होती?"

"पहिल्या दिवसापासून. चंदरच्या दुकानात बोललेलं काय लपतं?"

मी दात खिशात टाकला.

हयातनं टोपी काढली, तीत रक्ताची माती ओंजळीनं भरली, खाली नदीत टाकून आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "नंदाष्टमीला पधानकाका पिठावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. मला खोटं येत नाही."

"ते माझ्यावर सोड."

"तुझ्यावर सोडलं म्हणून तर हे झालं."

घरी बायकोनं, सुरमानं, माझा सदरा काढला. पाठीवर दांड्याचे वळ बोटबोट जाड. सुरमा म्हणाली, "आजकाल घसरंडीवर कुदळी उगवतात वाटतं." मग हळद लावून तिनं बरगड्या इतक्या आवळून बांधल्या की पैजेबद्दलचं तिचं मत मला कळलं. संध्याकाळी चंदर येऊन बघून गेला. काय झालं, कुठे झालं, एका शब्दानं विचारलं नाही. जाताना म्हणाला, "खोगिराला तेल लावून ठेव."

नंदाष्टमीला देवळापुढे बोकड कापला. एका घावात मुंडकं पडलं, शेपूट मात्र थोडा वेळ हलत राहिलं. मग पधान पिठाचं ताट घेऊन मधे उभा राहिला. एकेका घरानं पुढे यायचं, पिठावर हात ठेवायचा.

"जमीन कोरडी?"

"कोरडी."

म्हणजे रक्त लागलं नाही. पुढचं घर. मी देवळामागे होतो. सुरमा माझ्या पाठीवर खोगिराचा पट्टा आवळत होती आणि मी दात खात होतो, उरलेले.

"हयात. जमीन कोरडी?"

मी कोपऱ्यावरून डोकं काढून बघितलं. हयातचा हात मनगटापर्यंत पिठात गेला होता.

"काका," हयात म्हणाला, "त्या दिवशी शेतात..."

मी ओरडलो. असा ओरडलो की खाली बांधलेल्या थानेदारानं उत्तर दिलं. गाव वळलं. मी गुडघ्यांवर आणि एका हातावर रांगत, खोगीर, घंटा, रंगीत झुलीसकट गर्दीत घुसलो आणि लछमच्या ढुंगणावर डोकं आपटलं. पोरीबाळी किंचाळल्या. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. दुसऱ्या कोपऱ्यावर ओरडलो तेव्हा बरगडीत कुणीतरी विळा फिरवला. चंदर मागून म्हणत होता, "थानेदार, आवाज कमी पडतोय. दाणा मिळाला नाही का?"

पधानची हसता हसता टोपी पडली. ती उचलताना त्यानं माझा फाटका कान बघितला. मग हयातचा हात बघितला. तो अजून पिठातच होता. पधान हसायचा थांबला.

"कोरडी," पधान स्वतःच म्हणाला. "पुढचं घर."

दोन फेऱ्या झाल्या. चंदरनं छडी आणून हयातच्या हातात दिली. "घे. अडीच महिने छळलंय यानं तुला. आज देवीसमोर सगळं माफ. हाण."

गाव मजा बघायला पुढे सरकलं. हयातनं छडी बघितली आणि देवळाच्या कठड्यावर ठेवून दिली. मग वाकून माझ्या गळ्यातली दोरी घेतली आणि पुढे चालायला लागला. हळूहळू. जिथे दगड होता तिथे थांबायचा, मी दुखरा हात उचलून पलीकडे टेकला की मगच पुढे. पाय मोडलेलं जनावर खिंडीतून खाली आणतात, तसा.

शेवटचा कोपरा आला. ओरडायचं बाकी होतं आणि आवाज फुटेना. हयातनं दोरी सैल सोडली आणि माझं ओरडून होईपर्यंत दुसरीकडे बघत उभा राहिला.