पायरीवर उघडलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, चार कप्प्यांचा, बाजूला दोन कड्या असलेला. माझ्या झाकणावर ‘गु. रा.’ अशी अक्षरे कोरली आहेत आणि तिसऱ्या कप्प्याला पोचा आला आहे.

माझा जन्म झाला तो पत्र्याच्या एका चकतीतून. साचा दाबला, कडा वळल्या, घासून चकाकी आणली, एवढेच मला आठवते. मला विकत घेतले ते म्हैसूरच्या गुंडुरावांनी. त्यांचे पूर्वज मराठी मुलुखातून येथे आलेले रंगारी. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात कापडाला रंग चढत होता. गुंडुराव मात्र बेळगोळच्या एका कारखान्यात लागले आणि एकतीस वर्षे मी त्यांच्याबरोबर बसने गेलो. दुपारी माझ्या कड्या उघडल्या की त्यांचे सोबती म्हणत, “वहिनींचं सारू आधी इकडं द्या!” सारू म्हणजे पातळ आमटी. ती स्तुती माझी नव्हती, गुंडुरावांच्या पत्नी लक्ष्मीदेवींच्या हाताची होती. तरी मी ती माझ्याही नावावर धरली. पुढे गुंडुराव निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. दहा वर्षे माझ्यात एक तुटकी समई आणि थोडी झुरळे राहत होती. तक्रार करावी असे ते दिवस नव्हते. नुसते जात होते.

एका सकाळी खालून लक्ष्मीदेवींचा आवाज आला, “अहो, ते वरचं पोरगं तीन दिवस झाले ऊटा केलं नाही म्हणं. माळ्यावरचा डबा काढा की!”

ऊटा म्हणजे जेवण. आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेले असतात. आणि वरचे पोरगे म्हणजे अन्विता, पाच वर्षांची.

त्यांच्या वरच्या मजल्यावर इटलीहून एक जोडपे भाड्याने राहायला आले होते. बाईंचे नाव इलारिया, नवऱ्याचे ब्रूनो. त्यांनी शहराबाहेरच्या एका बालगृहातून अन्विताला दत्तक घेतले होते. आदेश झाला होता, मुलगी त्यांच्या हवाली झाली होती, फक्त तिचा पासपोर्ट यायचा होता. ब्रूनो रोज सकाळी दाराबाहेर चपला ओळीत लावी आणि शेजारच्या बायका रांगोळी काढताना अदबीने उभा राहून बघे. इलारियाला मोगऱ्याचा गजरा कोणी दिला तर तो खायचा की माळायचा, हे तिने खुणेने विचारून घेतले होते. त्यांना सगळे शिकायचे होते. पण पोरीसाठी इलारियाने शिजवलेली शेवयांसारखी पांढरी वस्तू पोर तोंडात धरी आणि तशीच बाहेर काढी.

पहिल्या दिवशी माझ्यात मऊ भात, सारू, घेवड्याची भाजी आणि ताक भरून लक्ष्मीदेवी स्वतः वर गेल्या. त्यांनी भात कालवला, घास पुढे केला. अन्विताने तोंड उघडले. दोन कप्पे रिकामे झाले. इलारिया भिंतीला टेकून रडली, आणि ते रडणे आनंदाचे होते.

पाचव्या दिवशीचे तिचे रडणे मात्र तसे नव्हते. आता अन्विता जिना उतरून खालीच येऊन बसे. लक्ष्मीदेवींना ती ‘अज्जी’ म्हणे, त्यांच्या पदराला धरून झोपे. इलारियाने उचलायला हात केले की अंग ताठ करी. शेजारची वरलक्ष्मी एकदा म्हणून गेली, “तुम्हीच ठेवून घ्या की हो हिला. उगीच सातासमुद्रापलीकडं कशाला?” त्या दिवशी लक्ष्मीदेवींनी मला दोनदा घासले.

दुसऱ्या दिवशी बालगृहातली समाजसेविका सुमा चौकशीला आली. इलारिया तिच्याजवळ मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “हिला आजी मिळाली आहे. हिला इथेच राहायचं असेल, तर मी ओढून नेणार नाही. ते मला जमणार नाही.”

सुमाने ते खाली येऊन लक्ष्मीदेवींना कन्नडमध्ये सांगितले. मी ओट्यावर होतो. लक्ष्मीदेवींनी सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग नवऱ्याला म्हणाल्या, “मला सदुसष्ट झाले. हे पोरगं शाळा संपवंपर्यंत मी कुठं? आणि ती बाई तर इतक्या लांबनं हिच्यासाठीच आली.”

“मग काय करतेस?” गुंडुरावांनी विचारले.

“हात मागं घेते.”

दुपारी त्यांनी इलारियाला स्वयंपाकघरात बोलावले. सारू गरम असतानाच भातावर ओतायचे, तूप वरून, आणि कालवायचे ते बोटांनी, हे दाखवले. मला तिच्या हाती दिले. मग तिला बाहेर पाठवून आपले दार आतून लावून घेतले.

अन्विता जिन्याच्या पायरीवरच होती. ती दारावर थापा मारू लागली. “अज्जी! अज्जी!” दारापलीकडे, अगदी खाली जमिनीलगत, बांगड्यांचा आवाज झाला. लक्ष्मीदेवी दाराला पाठ लावून बसल्या असाव्यात.

इलारियाने तिला उचलले नाही. ती शेजारच्या पायरीवर बसली आणि तिने माझ्या कड्या सोडल्या. भातावर सारू ओतले, जरा जास्तच. हात घातला, चटका बसला, सारू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. तिने ते तसेच ओघळू दिले आणि कालवत राहिली. भाताचा पार लगदा झाला.

अन्विताचे रडणे हुंदक्यांवर आले. ती बघू लागली.

“हीगे अल्ला,” ती म्हणाली. असं नाही. मग आपली चिमुकली बोटे कप्प्यात घालून, “हीगे.” असं.

तिने छोटासा घास केला, आणि तो पहिला घास इलारियाच्या तोंडात घातला. दुसरा घास इलारियाने केला. वाकडातिकडा होता, अर्धा सांडला. अन्विताने खाल्ला.

दार संध्याकाळपर्यंत उघडले नाही.

अकरा दिवसांनी पासपोर्ट आला. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. ब्रूनोने गुंडुरावांना वाकून नमस्कार केला. लक्ष्मीदेवींनी गाडीच्या खिडकीतून दोन्ही हात पुढे केले. अन्विता इलारियाच्या मांडीवर होती. इतकी माणसे, इतके सामान बघून ती बावरली आणि तिने चटकन तोंड फिरवून इलारियाच्या खांद्यात लपवले.

लक्ष्मीदेवींचे हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी ते पदराला पुसले. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. गाडी गेल्यावर पुन्हा एकदा म्हणाल्या, “बरंच झालं की.” आणि तेव्हा त्या रडल्या.

मित्रांनो, मी परत लक्ष्मीदेवींकडेच आहे, पण आता माळ्यावर नाही, हाताशी येणाऱ्या फळीवर असतो. भांडी वापरात ठेवा, एवढे तर कुठलाही जुना डबा सांगेल. मला आणखी थोडे मागायचे आहे. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत, वेगळ्या रंगाच्या आईचा हात धरून एखादे मूल येईल. ‘तुझी खरी आई कोण?’ असे त्याला विचारू नका. भूक लागली आहे का, ते विचारा, आणि त्याच्या शेजारी बसा.