तीन भावांची तीन पाती

धार हीच मानवजातीची खरी प्रगती. दगडाला धार आली आणि माणूस जनावरांतून उठला. पोलादाला धार आली आणि राज्यं उभी राहिली. पिंपळगाव रेणुकाईत धर्मराजच्या मशीनला धार आली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते ट्रॅक्टरला ओढत मोसंबीच्या बागेत शिरलं.

मशीन फांद्यांचा भुगा करणारं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, वाळक्या फांद्या तोंडात द्यायच्या. आत जाड चकती फिरते, चकतीवर तीन पाती. धर्मराज आणि त्याचे धाकटे भाऊ सोमेश्वर, कल्याण, या तिघांनी ते सामायिक घेतलेलं. शेत वाटलं गेलं होतं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या होत्या. म्हशी तर भांडण न होता वाटल्या गेल्या, त्याची चुटपुट तिघांनाही आहे. आता सामायिक उरलं ते हे मशीन. त्याच्या निमित्तानं भाऊ संध्याकाळी ओट्यावर येतात, चहा पिऊन एकमेकांची उणीदुणी काढतात, म्हणून धर्मराजचा जीव त्यात अडकलेला.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. पाती खोलून पाटावर मांडली आणि आधी धार कोणी लावायची, हा मानाचा प्रश्न निघाला. एरवी तिन्ही पात्यांना भोकरदनचा सलीम धार लावायचा, पण सणाला घरचाच हात पाहिजे. शेवटी न्याय झाला, की ज्याला त्याला एक पातं. धर्मराजनं आपलं दगडावर पाणी मारून घासलं. घासलं कसलं, कुरवाळलं. सोमेश्वरनं ग्राइंडर लावला आणि पोलाद तापून निळं पडेपर्यंत काढला नाही. कल्याणनं मोबाइलवर बघत बघत पात्याची पाठही घासली आणि बरंचसं पातं अंगणातच सोडलं. कुंकू मात्र तिन्हींना सारखं लागलं.

चकतीवर एक पातं जड, एक मधलं, एक हलकं. मशीन थयथयाट करणार नाही तर काय करील? ते बंद केल्यावर सोमेश्वर म्हणाला की झालं, आता ज्यानं त्यानं आपलं पातं घ्यावं आणि मोकळं व्हावं. धर्मराजची बायको पुष्पाबाई म्हणाली की एकेका पात्यानं घरात कांदासुद्धा चिरायचा नाही. पण सोमेश्वर वाटणीवरच अडून बसला.

धर्मराजनं ट्रॅक्टर काढला आणि मशीन घेऊन भोकरदन गाठलं. दोघे भाऊ आपापल्या मोटरसायकलवर मागून आले. भावासाठी नव्हे, पात्यासाठी. त्यांनी गाड्या दुकानाशेजारच्या बोळात लावल्या आणि धर्मराजनं ट्रॅक्टर मागं घेऊन बोळाच्या तोंडावर उभा केला.

सलीमनं शेजारच्या भंगारवाल्याचा तराजू आणला आणि पात्यासमोर पातं ठेवलं. धर्मराजचं पारडं जमिनीला टेकलं, कल्याणचं वर लोंबकळलं.  

"हलक्याच्या बराबर दोन्ही आणावे लागतील," तो म्हणाला. "घासून कमी करता येतं. वाढवायचं मला जमत न्हाई."

"म्हंजी धाकट्याच्या मापानं थोरल्यांनी झिजायचं?" सोमेश्वरनं विचारलं.

"झिजवलं मी न्हाई, सोमेश्वरभाऊ. मी नुसतं मोजून राह्यलो."

कल्याण छताकडे बघू लागला. धर्मराज बाकावर बसला, उठला, ट्रॅक्टरला एक फेरी मारून आला. चहा आला, तो हातात घेऊन आणखी एक फेरी मारली. चाकं दाबून बघितली, ती तशीही टणक होती. परत येईपर्यंत चहावर साय धरली होती. तो न पिताच खाली ठेवला.

"माझं घास आधी," तो म्हणाला. "जल्दी घास. मला बघवत न्हाई."

सलीमनं चाक सुरू केलं. थोडं घासायचा, पाण्यात बुडवायचा, तराजूत टाकायचा. प्रत्येक वेळी धर्मराज मान वळवायचा आणि प्रत्येक वेळी चोरून बघायचा. त्याचं पातं कल्याणच्या पात्याशी समान झालं, तसं सोमेश्वरनं आपलं स्वतःच पुढं सरकवलं.

"निळं तेवढं काढ," तो पुटपुटला. मग थोड्या वेळानं, "बरं, बराबर कर."

पाती बसली. सलीमनं तिन्ही पात्यांची खालच्या पट्टीपासूनची फट सारखी केली, बोल्ट आवळले, ट्रॅक्टर सुरू झाला. मशीन जागचं हललं नाही. सुबाभळीची फांदी आत गेली आणि एकसारखा भुगा बाहेर पडला. तिघे भाऊ खांद्याला खांदा लावून तो बघत राहिले.

"उद्या पह्यलं माझ्या वावरात लावायचं," सोमेश्वर म्हणाला. म्हणजे वाटणी गेली.

धर्मराजनं मूठभर भुगा हातात घेतला. "मला वाटलं, मान गेला म्हणून तुमी कवाच निघून जासाल. पर थांबले तुमी. सख्खे ते सख्खेच."

कल्याणनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दादा, ट्रॅक्टर जरा पुढं घ्या ना. आमच्या गाड्या मघापासून मागं अडकून पडल्यात."