पाठीमागचा ट्रक

कामोठ्यात एके काळी सायकल चालवणाऱ्या बायकांची चांगली सात जणींची टोळी होती. मग एकीचे गुडघे गेले, एकीला नातू झाला, दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि टोळीला गळती लागली ती लागलीच. शेवटी दोघीच उरल्या: गणिताच्या शिकवण्या घेणारी किशोरी घरत आणि तिची मैत्रीण निशा. किशोरी पुढे आणि निशा मागे, अशी नऊ वर्षं गेली. दिवाळीनंतर निशाही मुलाकडे नाशिकला राहायला गेली. "येऊन-जाऊन असेन गं," म्हणाली. जाणारं माणूस असंच म्हणतं.

किशोरी त्रेपन्न वर्षांची. लग्नाच्या भानगडीत ती कधी पडलीच नाही, त्यामुळे घरात एकटं राहायची तिला सवय होती. रस्त्यावर एकटं असायची मात्र नव्हती. मागे निशा नाही म्हटल्यावर पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. दोन महिने सायकल बाल्कनीत धूळ खात पडली. शेवटी तिने प्रितेश सायकलवाल्याला फोन लावला. "रविवारी एकटीने पेणपर्यंत जाऊन बघते. जमलं तर जमलं. नाहीतर सोमवारी येऊन सायकल घेऊन जा, गिऱ्हाईक बघून ठेव."

बोलून बसली खरी. आता माघार घेणार कशी?

फेब्रुवारीतली सकाळ होती. अंगात पोपटी जाकीट, कॅरिअरच्या मागे लाल दिवा, तोही गेटपाशीच सुरू केलेला. पळस्पे सोडलं आणि ऊन चटका देऊ लागलं. तिने जाकीट काढून कॅरिअरवरच्या पिशवीखाली खोचलं आणि काळ्या टी-शर्टवर पुढे निघाली. कर्नाळ्याची झाडी लागली तेव्हा गार सावलीने तिला इतकं बरं वाटलं की चढ सुरू झाल्याचंही कळलं नाही.

तिथेच तो ट्रक मागे लागला.

आधी करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला, मग हॉर्न, आणि मग नुसती इंजिनाची घरघर. ट्रक पुढे जाईना. किशोरीने हाताने खूण केली, जा बाबा. तो जाईना. ती कडेला सरकली, तो मागेच. त्याच्यामागे इतर गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ मांडला, तरी पठ्ठ्या ढिम्म. बाई एकटी दिसली की यांना असलं सुचतं, तिच्या मनात आलं. मागे वळून बघायची छाती होईना. निशा असती तर? निशाने आत्तापर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. चार किलोमीटर, चढ आणि मग उतार, किशोरी दातओठ खात पायडल मारत राहिली. आपण या जगात अगदी एकट्या आहोत, असं तिला इतकं लख्ख कधी वाटलं नव्हतं.

उतार संपला तशी ती रस्ता सोडून मातीत उतरली. ट्रक शेजारून जाऊ लागला, ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत किशोरीने गणिताच्या बाईंना न शोभणाऱ्या तीन शिव्या हासडल्या. त्याने मान आत घेतली. ट्रक निघून गेला. पोलिसांत द्यायचा म्हणून तिने त्याचा नंबर पाठ करून टाकला.

तो नंबर दोनदा पुटपुटून ती पुढे निघाली. अर्ध्या किलोमीटरवर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून एक म्हातारी बसली होती. हौसा तिचं नाव. किशोरीला बघताच ती उठून रस्त्यापर्यंत आली.

"तूच ना गं ती सायकलवाली? थांब, बाय. टरकवाला सांगून गेलाय, तिला थांबव म्हनून."

"त्या मेल्याला अजून काय हवंय?"

"अगो, तुजा मागचा दिवा दिसत नाय! सावलीत तू पन दिसत नाय. तो उन्हातून आला, तुला ठोकनारच व्हता. मग तुज्या मागंच रायला, दुसऱ्या कुनी उडवू नाय म्हनून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगायला गेला तं तू शिव्या दिल्यास. बोलला, बाई लय तापलीय, आता चप्पल काढंल."

किशोरीने वळून सायकलकडे पाहिलं. जाकिटाची बाही सुटून दिव्यावर पडली होती. आत दिवा बिचारा इमानाने लुकलुकत होता. ऊन-सावलीत नेहमी भडक कपडे घाला, असं टोळीतल्या सगळ्याजणींना हीच बजावत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ती कांद्याच्या ढिगाशेजारी मटकन बसली आणि तिला रडू फुटलं. भीतीने नाही. तो माणूस मागच्यांच्या शिव्या खात तिची पाठ राखत होता, आणि पुढून तिच्याही खाऊन गेला. तिने त्याचा चेहरासुद्धा नीट पाहिला नव्हता. गाडीचा नंबर तेवढा पाठ होता. त्याचं आता ती काय करणार होती?

"कुटं जायाचं हाय?" हौसाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पेणला. एकटीने."

घाट तर एकटीने झाला नव्हताच. पुढचा रस्ता अजून होता. तिने जाकीट घालून चेन गळ्यापर्यंत ओढली, पिशवी पुन्हा घट्ट आवळली. मग थोडी ओशाळून म्हणाली, "मावशी, मी जाते. मागून दिवा दिसतोय का तेवढं सांगाल?"

"सांगतंय की. जा तू."

किशोरी निघाली. "दिसतंय!" मागून हाक आली. "दिसतंय गं, बाय!" शेजारून एक कंटेनर गेला, त्याच्या आवाजातूनही पुन्हा एकदा, बारीकशी, "दिसतंय!"

वळण आलं. त्यानंतर आवाज आला नाही. दिवा लागलेलाच असणार असं धरून किशोरी पेणच्या दिशेने पायडल मारत राहिली.