लाल दिव्याखाली

मेकअपवालीच्या ओठावर बारीक फोडांचा जर फुटला, तो नेमका बाबांना हॉस्पिटलातल्या काचेच्या खोलीत हलवलं त्या आठवड्यात. पाण्याने भरलेला पुंजका, दरवर्षी दगदग झाली की उठणारा. एरवी ती त्याला भीक घालत नसे. पण बाबांच्या रक्तातली रोगाशी लढणारी ताकद औषधांनी पार संपवून टाकली होती, नव्याने उगवेपर्यंत साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतली असती. सिस्टर दारातच प्रत्येकाचं तोंड तपासायच्या आणि मगच मास्क द्यायच्या.

ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. तिथे रोज ओठावर लाल प्रकाशाचा दिवा धरायचे. उबदार वाटायचं, एवढंच.

"याने जखम थोडी लवकर भरेल, बहुतेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण विषाणू मरत नाही. खपली पडून खालची कातडी नीट येईपर्यंत वडिलांजवळ जायचं नाही."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तिची गत झाली. रोज आरशात बघायची आणि रोज खपली जागच्या जागी. तिकडे बाबा विचारत होते, "ठमाबाई कुठेय?" घरात ते तिला ठमाबाईच म्हणत. आई गेल्यापासून दोघंच होती एकमेकांना.

शेवटी तिने तिला येत होतं तेच केलं. किती नवऱ्या मुलींचे डाग तिने लपवले होते. खपलीच्या कडा मलमाने बसवल्या, वर रंगाचे पातळ थर चढवले, ओठाच्या रेषा पुन्हा काढल्या. काम इतकं बेमालूम झालं की सिस्टरनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मास्क दिला आणि दार उघडलं.

आत गेल्यावर मात्र तिचे पाय भिंतीपाशीच थबकले. सिस्टरला फसवणं सोपं होतं, स्वतःला कसं फसवणार? ती सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसली.

"जवळ ये ना," बाबा म्हणाले. केस गेलेले, गालफडं बसलेली. त्यांनी हात पुढे केला.

"इथे बरी आहे मी."

सिस्टर सलाईन बघत तिथेच उभ्या होत्या. खरं सांगितलं असतं तर त्याच क्षणी बाहेर काढलं असतं. बाबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो चादरीखाली घेतला.

"घाण वाटते का गं माझी?" त्यांनी हळूच विचारलं.

 ती उठली आणि बाहेर आली. काचेपलीकडे बोलायचा फोन होता, तो उचलला. मग मास्क खाली ओढला आणि रुमालाने ओठ खसाखसा पुसला. रंग निघाला, खपली उघडी पडली, थोडं रक्तही आलं.

सिस्टर धावत आल्या. "वेड लागलंय का तुम्हाला? आता डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आत पाऊल नाही."

बाबांनी मात्र आतला फोन कानाला लावला होता. ते हसत होते, कितीतरी दिवसांनी.

"अगं, तुझ्या आईलाही व्हायचं हे. जवळ फिरकू द्यायची नाही मला. आणि मी मूर्खासारखा रुसून बसायचो." धाप लागली म्हणून ते थांबले. "बरा कर. मग ये."

ती रोज दिव्याखाली बसली. पण बाबांच्या छातीत जंतू शिरले आणि ते गेले, तेव्हा खपली अजून होती. "तुमच्या ओठाचा याच्याशी काही संबंध नाही," हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी न कंटाळता तेच सांगितलं. तरी पटायला वेळ लागला.

सगळं आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी ती सवयीने डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेली. घरी बसून करणार काय होती? मदतनीस बाईने खुर्ची मागे केली, दिवा लावला, ओठाकडे निरखून पाहिलं. बाबांचं तिला काही ठाऊक नव्हतं.

"वा, छान भरलंय की," ती म्हणाली. "डागसुद्धा राहणार नाही बघा."

मेकअपवालीने डोळे मिटून घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "थोडा राहिला तरी चालेल."